मिस क्वेल यांची लाल थैली

कारकून म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फायलींवरची धूळ झटकणारा, साहेबाच्या हाकेसरशी धावणारा माणूस उभा राहतो. आमच्या टेम्पलमध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या कचेऱ्यांच्या वस्तीत, मामला उलटा आहे. बॅरिस्टर कोर्टात कितीही गरजोत, उद्या कुठल्या कोर्टात जाऊन गरजायचं हे त्यांचा क्लार्क ठरवतो. मलबेरी कोर्ट नावाच्या अंगणातल्या चार नंबरच्या जिन्यावर मी तेहतीस वर्षं मुख्य क्लार्क होतो. खून, दरोडे, जाळपोळ, मारामाऱ्या. फौजदारीखेरीज दुसऱ्या कशाला आम्ही हात लावला नाही. सोळा बॅरिस्टर आणि त्यांना हाकणारा मी, डेस्मंड हॅकेट.

हाकणारा म्हणालो खरा, पण रीत अशी की क्लार्कनं बॅरिस्टरला नावानं हाक मारायची नाही. पुरुष असेल तर 'सर', बाई असेल तर 'मिस', मग तिला नातवंडं का असेनात. त्यांनी मात्र आम्हाला नुसतं नावानं, अरेतुरे करायचं. काल सनद मिळालेला पोरगा मला 'डेस, माझी केस कुठे रे?' म्हणायचा आणि मी पन्नाशीचा बाप्या त्याला 'सर, तुमची केस चेम्सफर्डला' म्हणायचो. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. वाटायचं ते एकाच माणसाच्या बाबतीत, आणि तेही कमीपणा नव्हे, दुसरंच काही.

मिस हेस्टर क्वेल एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे आल्या. अंगानं काटकुळ्या, आवाज खालच्या पट्टीतला, हातात नेहमी हिरवी पेन्सिल. पहिल्याच दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डेस ना तू? मला सगळ्यांनी सांगितलंय, तुला खूश ठेवलं नाही तर आयुष्यभर दारुड्यांच्या जामिनाची कामं करावी लागतील."

"तसं काही नाही, मिस," मी म्हणालो. "कधीकधी सायकलचोरही येतात."

त्या हसल्या. झालं. माझं जे काही व्हायचं होतं ते तेवढ्यात झालं.

मी लग्न केलं नाही. आई बेथनल ग्रीनला होती तोवर तिची सबब होती, पुढे सबबीची गरज उरली नाही. मिस क्वेल यांनीही केलं नाही, पण त्याचा माझ्याशी संबंध नव्हता. त्यांचं लग्न कामाशी लागलं होतं. मी आपला माझ्या रोजवहीत पेन्सिलीनं त्यांचं जगणं आखत बसायचो. मेडस्टोनची लांबची केस आली की टॅलबट सरांच्या गळ्यात मारायचो आणि मिस क्वेलना जवळचं कोर्ट ठेवायचो, म्हणजे चारला उद्याच्या खटल्यांची यादी येते तेव्हा त्या आमच्या खोलीत असत. त्या चहा घ्यायच्या, आल्याचं बिस्कीट बुडवायच्या आणि दिवसभरात काय झालं ते मला सांगायच्या. माझा दिवस चार ते साडेचार एवढाच असायचा. टॅलबट सर एकदा म्हणालेही, "डेस, मेडस्टोनला माझ्या नावाचा बाक बसवलाय आता. त्या क्वेलबाईला तिथली हवा मानवत नाही का रे?"

"त्यांना आगगाडी लागते, सर," मी ठोकून दिलं.

आता त्या थैलीचं सांगतो.

आमच्या बॅरिस्टरांचा झगा आणि घोड्याच्या केसांचा टोप ठेवायला कापडी थैली असते, नाडीची, खांद्यावर टाकायची. ती निळी. नवा असो की म्हातारा, निळीच. लाल थैली विकत घेता येत नाही. एखाद्या मोठ्या खटल्यात रेशमी झग्याचा वरिष्ठ पुढे उभा असतो आणि त्याच्या मागच्या बाकावर धाकटा बॅरिस्टर बसतो. त्या धाकट्याच्या कामावर वरिष्ठ मनापासून खूश झाला, तर तो स्वतः लाल थैली शिवून घेतो, तिच्यावर धाकट्याची अक्षरं भरतो आणि त्याला पाठवतो. मिळाली की धाकट्यानं जाऊन समोरासमोर आभार मानायचे. पण ती मागायची नाही, तिची आठवण करून द्यायची नाही, 'मला का नाही मिळाली' असं तर मुळीच विचारायचं नाही. मागून मिळालेल्या थैलीत बटाटे भरावेत. कोर्टाच्या कपडे बदलायच्या खोलीत कुणाच्या खांद्यावर लाल आणि कुणाच्या निळी, हे सगळ्यांना पाठ असतं.

चौऱ्याऐंशी साली मिस क्वेल ओल्ड बेलीच्या फौजदारी कोर्टात बॅसकोम सरांच्या मागे बसल्या. बॅसकोम सर दुसऱ्या, मोठ्या चेंबर्सचे, म्हणजे बॅरिस्टरांच्या कचेरीचे, फौजदारी वकिलांतला वाघ. वॉपिंगच्या एका नावाड्यावर सख्ख्या भावाच्या खुनाचा आरोप होता. फिर्यादी पक्षाचा साक्षीदार शपथेवर सांगत होता की, नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी सहाला मी नदीच्या चिखलात जुनं लोखंड वेचत उभा होतो, तिथून मी भांडण पाहिलं. मिस क्वेलनी नदीतल्या भरतीओहोटीचं कोष्टक मिळवलं. शनिवार-रविवार त्याच्यावर हिरवी पेन्सिल फिरवली आणि सोमवारी मागच्या बाकावरून पुढे चिठ्ठी सरकवली: 'सहाला पूर्ण भरती होती. साक्षीदार उभा असेल तर डोक्यावर सात फूट पाणी.' बॅसकोम सरांनी त्या एका चिठ्ठीवर साक्षीदाराला असा सोलला की ज्यूरीनं तासाभरात नावाड्याला निर्दोष सोडलं. वर्तमानपत्रांनी बॅसकोम सरांचा फोटो छापला.

त्यानंतर नवव्या दिवशी आमच्याकडे एक पुडकं आलं. चेंबर्समध्ये येणारी प्रत्येक वस्तू क्लार्कच्या टेबलावरून जाते. दोरा सैल होता. कागदाच्या फटीतून लाल दिसलं आणि मला आनंद झाला, खरं सांगतो. पांढऱ्या रेशमानं एच. क्यू. ही अक्षरं भरलेली होती. आत पत्र होतं, उघडंच. मी ते वाचायला नको होतं. वाचलं.

बॅसकोम सरांनी लिहिलं होतं की गेल्या वीस वर्षांत असं काम मागच्या बाकावरून मला मिळालं नाही. आणि खाली: आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकी बागेकडे उघडते. ती तुमची समजा. यायचं असेल तर भेटून सांगा.

मी पुडकं पुन्हा बांधलं आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या रोजवह्यांच्या मागे ठेवलं. एक आठवडा, मी स्वतःला बजावलं. एकच आठवडा त्यांना चारच्या चहाला पाहून घेतो आणि मग देतो. आठवडा झाला तेव्हा वाटलं, आता उशीर का झाला म्हणून विचारतील. महिना झाला तेव्हा विचारायची सोय उरली नाही. चेंबर्सचं भलं, चांगला बॅरिस्टर टिकवणं क्लार्कचं कर्तव्यच, अशी कारणं मी पुढे बरीच गोळा केली. सगळी खोटी. मला त्या जायला नको होत्या, एवढंच खरं.

रीतीनं बाकीचं काम माझ्यावतीनं केलं. मिस क्वेल आभार मानायला गेल्या नाहीत, तेव्हा बॅसकोम सरांना वाटलं, बाई शिष्ट आहे. मोठा माणूस एकदा देतो, दुसऱ्यांदा विचारत नाही. त्यांनी पुन्हा त्यांना कुठल्या खटल्यात मागे बसवलं नाही, जिन्यात भेटले तर टोपीला हात लावून पुढे जात. आणि मिस क्वेलना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. विचारायचं तर नसतंच. दोघंही तोंड मिटून बसले आणि मधे कपाट मिटून मी. बॅसकोम सर सत्त्याण्णव साली वारले. त्यांच्या प्रार्थनेला मिस क्वेल टेम्पल चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या मागे, दारापाशी, मी उभा होतो.

पुढं त्यांनी चांगली कामं केली, पण कायम दुसऱ्या फळीतली. रेशमी झग्यासाठी, म्हणजे वरिष्ठपदासाठी, दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "टाका अर्ज, मिस, यंदा होईल." त्या म्हणाल्या, "राहू दे रे डेस. उगाच घोड्याला शिंगं नाही फुटत." त्या रात्री मी घरी जेवलो नाही. पण कपाटही उघडलं नाही.

दोन हजार सहाच्या जुलैत त्या निवृत्त झाल्या. डोळ्यांनी दगा दिला होता, बारीक अक्षर दिसेना. व्हिटस्टेबलला समुद्राकाठी त्यांच्या बहिणीचं घर होतं, तिकडे राहायला जाणार होत्या. शुक्रवारी दुपारी बाकीचे बॅरिस्टर शेरीचा एकेक पेला घेऊन, भाषणं ठोकून पांगले. मी त्यांच्या खोलीत खोकी बांधायला गेलो. वीस-बावीस वर्षांच्या खटल्यांचे कागद बांधलेल्या गुलाबी फिती त्यांनी एका डब्यात जमवून ठेवल्या होत्या.

"ह्याचं काय करू, मिस?"

"तुझ्या टोमॅटोच्या रोपांना बांध." मग खुर्चीत बसल्या, बूट काढले आणि पाय खोक्यावर टाकले. "डेस, सोमवारपासून मी कुणाची मिस नाही हं. कळलं का?"

"हो, मिस."

"बघ! अरे, मी आता बॅरिस्टर नाही, तू माझा क्लार्क नाहीस. पुढच्या रविवारी व्हिटस्टेबलला ये जेवायला. कालवं खातोस ना? माझी बहीण बरी करते. आणि दारात येऊन मिस-बिस करशील तर घरात घेणार नाही. हेस्टर म्हणायचं."

बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं मी हे नाव रोजवहीत लिहिलं होतं, बसमध्ये मनात म्हटलं होतं, एकदा तापात आईसमोर बरळलो होतो. तोंडानं त्यांना कधी म्हटलं नव्हतं. आता त्या स्वतः म्हण म्हणत होत्या, वर कालवं. मला इतकं सुख झालं की हातातल्या दोऱ्याची गाठ पडेना.

"येईन," मी म्हणालो. मिसही नाही, हेस्टरही नाही.

त्यांनी खुंटीवरची निळी थैली खाली घेतली. कोपरे पांढरे पडले होते, नाडी दोनदा बदललेली. त्यांनी ती मांडीवर पसरली.

"ही टाकून देते. बहिणीला दाखवली तर ती बटणं ठेवेल हिच्यात." मग म्हणाल्या, "डेस, एक विचारू? तो नावाड्याचा खटला आठवतो तुला? वॉपिंगचा?"

"आठवतो."

"त्याच्यानंतर बॅसकोम माझ्याशी धड बोलले नाहीत. मी कितीदा ते दिवस आठवून पाहिले. चिठ्ठी उशिरा दिली का, जरा जास्त पुढेपुढे केलं का, काय चुकलं. वेडेपणाच आहे, माणूस मेला तरी मी विचारच करतेय. पण मला वाटलं होतं रे, त्या वेळी..." त्यांनी निळ्या कापडावरून हात फिरवला. पुढचं म्हणाल्या नाहीत. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा रीत मोडली नाही. "तू सगळ्यांना पाहिलंयस. खरं सांग. मी बरी होते का? की नुसती कष्टाळू?"

"तुम्ही सगळ्यांत चांगल्या होतात, मिस."

त्या हसल्या, पहिल्या दिवशीसारख्या. "गाढवा, हे तू टॅलबटलाही म्हणतोस. केस देणाऱ्या सॉलिसिटरांना फोनवर म्हणताना मी ऐकलंय. 'मिस्टर टॅलबट आमच्याकडचे सगळ्यांत चांगले!' टॅलबट!"

खरं होतं. मी जन्मभर तेच विकत आलो होतो. सोळाही जणांना मी सगळ्यांत चांगलं म्हटलं होतं, आणि आता एका खऱ्या माणसाला खरं सांगायची वेळ आली तर माझ्या शब्दाला किंमत नव्हती. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर बॅसकोम सरांनी लिहून ठेवलं होतं आणि ते खाली माझ्या कपाटात होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प राहिलो असतो तर पुढच्या रविवारी व्हिटस्टेबलच्या दारात 'हेस्टर' म्हणून उभा राहिलो असतो. कदाचित त्याच्या पुढच्याही. मला साठी उलटून गेली होती, मला दुसरं काही नको होतं. पण त्या कालवं वाढणार, मी खाणार, आणि मनात त्या विचारत राहणार, माझं काय चुकलं. तो घास मला गिळता आला नसता. मी फार चांगला माणूस आहे म्हणून हे सांगत नाही. चांगला असतो तर बावीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं.

"एक मिनिट थांबा, मिस," मी म्हणालो आणि खाली गेलो.

जुन्या रोजवह्या काढताना धुळीनं खोकला आला. पुडक्याचा कागद पिवळा पडला होता, आतली थैली मात्र काल शिवल्यासारखी होती. मी ती वर नेऊन त्यांच्या मांडीवर, निळीच्या वर ठेवली.

त्यांनी प्रथम अक्षरांवर बोट फिरवलं. मग आत हात घातला, पत्र काढलं, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेला. तरी दिसेना, म्हणून उठून खिडकीपाशी गेल्या, अनवाणीच. फार वेळ वाचलं. खाली अंगणात कुणीतरी हसत गेलं.

"हे कधी आलं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"खटला संपल्यावर नवव्या दिवशी."

"नवव्या दिवशी."

"मी ठेवून घेतलं, मिस. तुम्ही गेला असतात. त्या बागेकडच्या खोलीत. मला... मला तुम्ही इथे हव्या होतात. चारच्या चहाला. माझं तुमच्यावर फार..."

"पुरे," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. बत्तीस वर्षांचं वाक्य तिथंच राहिलं.

त्या परत आल्या. डोळे कोरडे होते, चेहरा कोर्टात विरुद्ध निकाल ऐकताना असायचा तसा. बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. मग निळी थैली उघडून झगा काढला, झटकला, घडी केली आणि लाल थैलीत ठेवला. टोपाचा पत्र्याचा डबा ठेवला. गळपट्ट्या ठेवल्या. शेवटी पत्र झग्याच्या घडीत सरकवलं आणि नाडी ओढली. काही घाई नव्हती. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही किंवा दिसला असेल.

थैली खांद्यावर टाकून त्या आरशासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. साठ वर्षांची काटकुळी बाई आणि तिच्या पाठीवर लाल थैली. किती शोभत होती, हे मी कुणाला सांगू?

दारात त्या वळल्या.

"इतकी वर्षं तुम्ही माझी कामं सांभाळलीत, मिस्टर हॅकेट," त्या म्हणाल्या. "तुमची आभारी आहे. खोकी तुम्ही सामानाच्या गाडीनं पाठवा. तुम्ही स्वतः यायची तसदी घेऊ नका."

मिस्टर. तुम्ही. साऱ्या टेम्पलमध्ये कुठल्याही बॅरिस्टरनं मला एवढा मान दिला नव्हता.

"होय, मिस," मी म्हणालो.

त्या जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. अंगण ओलांडताना समोरून दोन तरुण बॅरिस्टर येत होते, निळ्या थैल्यांचे. त्यांनी लाल पाहून बाजूला होत वाट दिली. मिस क्वेलनी मान हलवली आणि त्या कमानीतून बाहेर पडल्या.

निळी थैली खुर्चीवरच राहिली होती. ती अजून माझ्याकडे आहे. टोमॅटोच्या रोपांना गुलाबी फिती बांधल्या आहेत.

सोमवारी सकाळी पाट्या रंगवणारा म्हातारा विगिन्स आला. आमच्या जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर सगळ्यांची नावं काळ्या रंगात हातानं लिहिलेली असतात, मानाच्या क्रमानं. कुणी गेलं की त्याच्यावर पांढरा रंग द्यायचा आणि खालची नावं वर सरकवायची. विगिन्सनं शिडी लावली, डबा उघडला, ब्रश ढवळला.

"कुणाचं खोडायचं हो, हॅकेटसाहेब?" त्यानं वरून विचारलं. "चष्मा विसरलोय, नाव सांगा म्हणजे झालं."

जिन्यात आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं.

"हेस्टर," मी म्हणालो.

"काय?"

"हेस्टर," मी पुन्हा, मोठ्यानं म्हणालो. "वरून चौथं. हेस्टर क्वेल."

त्यानं ब्रश टेकवला.